मॅनिफोल्ड खोऱ्यातली 'बार्शी लाइट'

मंडळी, सोलापूर जिल्ह्यातली अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे बांधणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमध्येही त्याच धाटणीची एक छोटी शाखा उभारली. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, अवघी सव्वाआठ मैल. २७ जून १९०४ला सुरू झाली, मार्च १९३४मध्ये बंद पडली. तिच्या बांधणीत खोट नव्हती, एवढंच आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बार्शीचंच, अडीच फूट. बार्शीला कॅलथ्रॉप यांचा दंडक असा, की इंजिन असो वा वाघीण (मालडबा), चाकांच्या कोणत्याही ॲक्सलवर (आसावर) ५ टनांहून जास्त भार नको. भार असा सारखा वाटला गेला, की दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात आणि खर्च आटोक्यात राहतो. मॅनिफोल्डची दोन्ही टँक इंजिनं (पाण्याची टाकी अंगावरच असलेली) लीड्सच्या किट्सन कारखान्यातली. पुढे भलामोठा दिवा, मागे फिकट पिवळे डबे. गाडी हिंदुस्थानातलीच वाटावी.

नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीचं, खरं दुखणं म्हणजे माल बदलणं. दोन गेज भेटतात तिथे कोळसा, पोती, सगळं हातांनी उतरवून पुन्हा भरायचं. मजुरी वाढते, वेळ जातो, नासधूस होते. त्यावरचा त्यांचा तोडगा मला फार मोलाचा वाटतो. बोगींवर, म्हणजे वळणाऱ्या चाकगाड्यांवर, बसवलेली, मध्ये खोलगट अशी वाहक-वाघीण. वॉटरहाउसेसला ती मोठ्या रुळांच्या टोकाशी लावायची, भरलेली मोठी वाघीण तिच्यावर ढकलायची, चाकं जखडायची आणि तशीच खोऱ्यात न्यायची. पुढच्या स्टेशनांवर मोठ्या गेजचे छोटे तुकडे टाकून ठेवलेले. वाघीण त्यांवर उतरवली की काम झालं. अर्थात याची किंमतही होती: वाहकाचं वजन विनाकारण ओढावं लागे, आणि स्वेन्स्लीचा बोगदा नॅरोगेजला लागतो त्याहून कितीतरी मोठा खणावा लागला.

मग घोडं अडलं कुठे? मालात. वेटन, बटरटन, ग्रिंडन ही गावं डोंगरावर आणि स्टेशनं खाली नदीकाठी; चढ चढून घरी जायचं तर गाडीचा उपयोग काय? लीकहून वॉटरहाउसेसला येणारी मोठी लाइनही १९०५मध्ये, वर्षभर उशिरा आली. खोऱ्यातल्या एक्टन गावच्या तांब्याच्या खाणी आधीच थंडावलेल्या. सुट्टीत सहलीची गर्दी होई, पण बाकी वर्षभर भिस्त एकट्या दुधावर. बार्शीमागे कापसाची पेठ होती, १९०६पासून पंढरपूरची वारी होती. इथे एक्टनचा दूध-कारखाना होता. १९३२मध्ये तो बंद झाला, दूध रस्त्याने जाऊ लागलं आणि दोन वर्षांत गाडीही थांबली.

रूळ उखडल्यावर काउंटी कौन्सिलने १९३७मध्ये त्या मार्गाची पायवाट केली. स्वेन्स्लीच्या बोगद्यातून मात्र आज मोटारी जातात. मोठ्या वाघिणींसाठी तो प्रशस्त खणलेला होताच.