पियानो घेताना आधी खुंटी बघा

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या घरी पहिला पियानो आणायचं ठरलं तेव्हा माझी मुलगी ११ वर्षांची होती. चार वर्षं ती की-बोर्डवर शिकत होती. तिच्या बाई म्हणाल्या, आता हिच्या बोटांना खरा पियानो हवा. नव्या पियानोची किंमत काही लाखांत जाते, म्हणून आम्ही जुना शोधायला लागलो.

मुंबईत जुने पियानो बहुतेक पारशी, गोवेकर आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती, घरांतून निघतात. मुलं परदेशी जातात, नाहीतर इमारत पाडायला निघते, आणि आजीचा पियानो विकायला काढावा लागतो. असाच एक बघायला मी गिरगावात गेले. गडद तपकिरी लाकूड, समोर दोन पितळी मेणबत्तीदानं, झाकणाच्या आत सोनेरी अक्षरांत लंडनच्या कारखान्याचं नाव. मी इसाराचे पैसे काढायला पर्स उघडलीच होती. पण सोबत पियानोचे सूर लावणारे ट्यूनरकाका होते.

त्यांनी पियानो वाजवलाच नाही आधी. वरचं झाकण उचललं, पुढची फळी उतरवली आणि आत टॉर्च धरली. मग पिशवीतून लांब दांड्याची चावी काढली, एका खुंटीवर बसवली आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही फिरवा." मी दोन बोटांनी ढकलली, तर खुंटी फिरलीच. काहीच अडकलं नाही तिला. काका म्हणाले, "तंबोऱ्याची खुंटी सरकली तर आपण खडू लावतो. इथे खडू चालत नाही."

हे नीट समजून घ्या, कारण पियानो घेताना सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. पियानोच्या ८८ पट्ट्यांमागे साधारण २३० तारा असतात. खालच्या सुरांना एकेक जाड तार, मग दोन-दोन, आणि वरच्या सुरांना तीन-तीन. या सगळ्या तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. तो ताण बिडाची चौकट झेलते. पण प्रत्येक तार सुरात धरून ठेवणारी पोलादी खुंटी एका लाकडी ठोकळ्यात नुसती घट्ट रुतलेली असते. ते लाकूड सुकलं, तडकलं, की खुंटी ताण धरत नाही. आज सूर लावा, आठवड्यात उतरतो. जाड खुंट्या घालून कधी निभावतं, पण ठोकळाच गेला असेल तर दुरुस्तीचा खर्च पियानोच्या किमतीवर जातो.

मग काकांनी पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, दाबली. आवाज आला तिच्या लगत खालच्या काळी चारचा! सबंध पियानो अर्ध्या सुरानं खाली बसला होता. मुलगी त्यावर शिकली असती तर तिच्या कानात तोच सूर बसला असता, आणि व्हायोलिनवाल्या मैत्रिणीबरोबर वाजवायची वेळ आली की दोघींचं जमलं नसतं. शिवाय आत, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या पुढे, वेगळ्याच बारीक तारांचा एक पिंजराच होता. आवाज थांबवणारे दाबक हातोड्यांच्या वर बसवायची ती जुनी इंग्लिश रचना. त्या पिंजऱ्यातून हात घालून काम करणं अवघड, आणि सूर पुरता थांबतही नाही. मी पर्स मिटली. मेणबत्तीदानांसाठी जीव हळहळला, खोटं कशाला बोलू.

नंतर आम्ही आणखी तीन पियानो पाहिले. शेवटी घेतला तो जपानी, १२१ सेंटिमीटर उंचीचा उभा पियानो. आतल्या चौकटीवर क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून तो कोणत्या वर्षी बनला ते कळतं. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा त्या क्रमांकावर विश्वास ठेवा. ८८ पट्ट्या एकेक करून, सावकाश दाबा, काळ्यासुद्धा. एकाच सुराच्या तीन तारांपैकी एखादी उतरली असेल तर आवाजात वँव-वँव अशी लहर ऐकू येते. ती ट्यूनिंगनं जाते, तिला भिऊ नका. भ्यायचं ते गंजलेल्या तारांना, चिरलेल्या घोडीला आणि वाळवीला. खालची फळी काढून घ्या आणि नाक आत घाला. कुबट वास आला, उंदराच्या लेंड्या दिसल्या, तर घरी परत या. हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा कसर खाते, तोही बोटानं चाचपून बघा.

आणि असा चांगला पियानो परवडत नसेल, तर जड पट्ट्यांचा डिजिटल घ्या. सूर न धरणारा पियानो मुलांच्या हाती देऊ नका, कुणी फुकट दिला तरी.

घरात जागा ठरवताना आम्ही पावसाळ्याचा विचार केला. आमची पश्चिमेची भिंत जुलैत ओल धरते, म्हणून पियानो आतल्या भिंतीला लावला, खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून लांब. पियानोच्या लाकडाला साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, आणि मुंबईत पावसाळ्यात ती ८०च्या वर जाते. तेव्हा आतला, तारांचा आवाज मोठा करणारा स्प्रूसच्या लाकडाचा पातळ पडदा फुगतो आणि सूर चढतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात कोरड पडली की उतरतात. पावसाळ्यातल्या ओलीसाठी आत बारीक हीटरची दांडी बसवून घेता येते.

वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे. जिन्याचं वळण आम्ही टेपनं मोजलं, तरीही चार हमालांनी पट्टे लावून तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना मी श्वास धरून उभी होते. आणल्या आणल्या ट्यूनरला बोलावू नका. तीन आठवडे त्याला घराची हवा लागू द्या. आणि किंमत ठरवताना वर्षातून दोनदा ट्यूनिंगचा खर्च त्यातच धरा, कारण पेटीसारखा पियानो वर्षानुवर्षं सुरात राहत नाही. शेजाऱ्यांची काळजी असेल तर बऱ्याच उभ्या पियानोंना त्यासाठी मधलं पेडल असतं. ते दाबलं की हातोडे आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी येते. आमची मुलगी रात्री तसाच सराव करते.

काका आले, अडीच तास सूर लावले, आणि जाताना त्यांनी तिला एक गोष्ट दाखवली. तुमच्या ओळखीत पियानो असेल तर करून बघा. पांढरी एकला षड्ज, म्हणजे सा, माना. मधल्या सप्तकातला पंचम, म्हणजे प, इतका हळू दाबा की आवाज होणार नाही, आणि दाबूनच ठेवा. आता मंद्र, म्हणजे त्याखालच्या सप्तकातला, षड्ज जोरात वाजवा आणि लगेच सोडा. षड्ज थांबतो, आणि ज्याला कुणी मारलं नाही तो पंचम गाऊ लागतो. तंबोऱ्यातून गंधार आपसूक उमटतो ना, त्याच जातीची ही गोष्ट. मुलीनं त्या संध्याकाळी ते वीसेक वेळा केलं. प्रत्येक वेळी पंचम पूर्ण विरेपर्यंत ती पट्टी सोडत नव्हती.

नमस्कार.