बँकेचं घर आणि आपला आकडा

अध्यक्ष महाराज, आणि पुढच्या दोन रांगा मोकळ्या सोडून मागे दाटीवाटीने बसलेली मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बँकेने जप्त केलेली घरे : खरेदी व दुरुस्ती’. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. अशा घराला किती बोली लावायची तो आकडा लिलावाच्या दिवशी सुचत नाही. तो आधी घरी बसून, कागदावर, वजाबाक्या करत काढावा लागतो. कसा काढायचा ते मी शेवटी सांगणार आहे, वेळ उरला तर. अध्यक्षांनी चाळीस मिनिटं दिलीत, पण प्रास्ताविक करणाऱ्यांनी माझ्या पणजोबांपासून सुरुवात केली, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

मी आयुष्यभर बँकांसाठी घरांचं मूल्यांकन केलं. लिलावाच्या जाहिरातीत राखीव किंमत छापून येते ना, जिच्याखाली बोली घेत नाहीत ती, तिच्यामागे माझ्यासारख्याच कुणाचा तरी अहवाल असतो. म्हणून सांगतो, तिला देवाचा कौल समजू नका. पुष्कळदा तो अहवाल करणारा माणूस घरात जेमतेम पाऊण तास असतो, आणि त्यातला निम्मा वेळ कुलूप उघडण्यात जातो.

त्या जाहिराती वाचता का हो तुम्ही? ‘ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार’ इथून जे वाक्य सुटतं ते पान संपलं तरी थांबत नाही. पण त्यात एक गोष्ट हुडकून काढा. ताबा प्रतीकात्मक आहे की प्रत्यक्ष? थकलेल्या कर्जापोटी तारण ठेवलेलं घर बँकेला विकू देतो तो 2002 चा सरफेसी कायदा. त्यात बँक आधी 60 दिवसांची नोटीस देते. पैसे आले नाहीत तर ताबा घेते. बऱ्याचदा हा ताबा म्हणजे दारावर चिकटवलेला कागद. घर बँकेच्या ताब्यात, आणि आत वरण शिजतंय ते मूळ मालकाचं. माणसं खरोखर बाहेर काढायची तर बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आता पुढे प्रश्न असा, की तुम्ही पैसे भरल्यावर ती फाईल कोण हलवणार? बँक म्हणते आम्ही बघू. हे ‘बघू’ लेखी मिळत असेल तर घ्या.

आणि जाहिरातीच्या तळाशी ते ठरलेलं वाक्य, ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’. यातल्या ‘जे काही’मध्ये आपलं कोकण अख्खं मावतं. माझ्या भाच्याचीच गोष्ट सांगतो.

भाचा डोंबिवलीचा. एका मे महिन्यात त्याचा फोन, ‘मामा, केळशीच्या बाजूला बँकेचं घर निघालंय. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, आणि बारा कलमं हापूसची!’ मी म्हटलं, कलमं जाहिरातीत आहेत का? तो म्हणाला, घराला लागूनच आहेत. मी म्हटलं, लागून तर समुद्रही आहे.

मे महिन्यात कोकणात घर बघू नये असं माझं मत आहे. आंबा पिकलेला, वारा सुटलेला, जमीन कोरडी खडखडीत. भाचेसून पडवीत उभी राहून ‘इथे झोपाळा’ म्हणाली आणि आमचा व्यवहार तिथेच निम्मा झाला. मी सातबारा काढला. घर चार गुंठ्यांच्या बिनशेती तुकड्यावर. कलमं शेजारच्या हिश्श्यात, आणि तो हिस्सा शेती. सरफेसी कायद्याचं कलम 31 सांगतं, की शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही. म्हणजे हापूसची कलमं बँकेकडे कधी आलीच नव्हती. शिवाय भाचा शेतकरी नाही, त्यामुळे कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे ती जमीन परवानगीशिवाय त्याला घेताही येईना. आणि त्या सातबारावरची नावं! वाचता वाचता चहा गार झाला. निम्मी मंडळी देवाघरी, उरलेली विरार-नालासोपाऱ्याला.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. मूळ मालकाच्या चुलतघरातल्या. हातात कोयती, नारळाची सोडणं सोलत होत्या. म्हणाल्या, ‘घर घ्या हो, कोण नाही म्हणतंय? पण घराची वाट, ही पाखाडी, आमच्या हिश्श्यातून येते. चालत या, गाडी आणायची नाही.’ भाचा तरुण, तापला. म्हणाला, कोर्टात जाईन. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘जा की. माझ्या सासऱ्यांचा दावा अजून चालूच आहे, तुम्हाला सोबत होईल.’

हसू नका, हा कायद्याचाच मुद्दा आहे. 1882 चा सुखाधिकाराचा कायदा आहे, वाटच नसेल तर गरजेपुरती वाट मागता येते. पण चालत जायची वाट आणि चिऱ्यांचा ट्रक नेण्याची वाट यांत फरक पडतो. आणि दुरुस्तीचं घर घेणाऱ्याला ट्रक लागतो. ट्रक जात नसेल तर चिरा, वाळू, सिमेंट सगळं डोक्यावरून. दुरुस्तीचा आकडा तिथेच फुगतो.

वाडीतल्या एकाने भाच्याला आणखी घाबरवलं. ‘दुसऱ्याचं गेलेलं घर घेऊ नये, तळतळाट लागतो.’ हे मला मुळीच मान्य नाही. बँकेचं देणं आणि खर्च भागून काही उरलं तर ते मूळ मालकालाच परत जातं. म्हणजे चांगली बोली लावणारा त्याचं बरंच करतो. मनाला लागलंच असेल तर ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घाला, माझी हरकत नाही. फक्त नारळाचा खर्चही कागदावर मांडा.

मग मी भाच्याला जुलैत पुन्हा यायला लावलं. बँकेचा माणूस किल्ली घेऊन आला तो घड्याळ बघतच. अर्धा तास, आणि म्हणे फोटो काढू नका! अहो, लाखो रुपये मागता आणि कौलांचा फोटो नको? बँकेचं नाव घेत नाही, पण माझा राग अजून गेलेला नाही. माणसाला भाजीवालासुद्धा वांगं उलटून बघू देतो.

बरं, आत काय बघायचं? वर बघायचं. भर पावसात भिंती सगळं बोलतात. आम्ही माळ्यावर चढलो. आढं ठणठणीत होतं, सागाचं. पण वासा भिंतीवर टेकतो तिथे मी पेचकस लावला तर मूठभर भुसा हातात आला. वरून रंग शाबूत, आत वाळवीने नळी केलेली. कारण काय, तर वरचं एकच कौल सरकलेलं. त्या फटीतून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीच्या डोक्यात. राहतं घर असतं तर बायामाणसांनी दुसऱ्या दिवशी काठीने कौल सारलं असतं. बंद घरात ते तसंच दोन पावसाळे राहिलं. चुलीचा धूर नाही, वावर नाही, खिडकी उघडणं नाही. बंद घर इथे राहत्या घरापेक्षा फार लवकर म्हातारं होतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो कुलूप बघून थांबत नाही.

दुसरं, चिऱ्याच्या भिंतीला कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंट ते सोडू देत नाही, मग ओल आतल्या बाजूला उतरते. त्यावर ऑइलपेंट लावून झाकलं होतं. नखाने खरवडलं, पापुद्रा निघाला, खाली मिठासारखा पांढरा थर. गिलावा सगळा पाडायचा, चुन्याने दरजा भरायच्या. हे काम येणारे गवंडी किती उरलेत ते तुम्हाला माहीत आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात लोक कौलांसाठी आणि सुतारासाठी महिनोन्‌महिने थांबले. शेवटी कित्येकांनी पत्रे घातले. मंगलोरी कौलाचा 1865 पासूनचा… नाही, तो इतिहास राहू दे, चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटे.’ पाच?

ठीक आहे. पटापट लिहून घ्या.

भाच्याचेच आकडे, गोल करून. त्या वाडीत असंच घर, दुरुस्त, राहण्याजोगं, कितीला गेलं? जाहिरातीतला भाव नको, खरं झालेलं खरेदीखत बघा. धरा 40 लाख. यातून दुरुस्ती वजा. मिस्त्रीने 9 सांगितले, मी त्यावर तिसरा हिस्सा चढवला, 12. कारण कौलं उतरवल्यावरच खरं कळतं. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि थकबाक्या, 3. घरपट्टी ग्रामपंचायतीत विचारा. वीजबिलही विचारा, ‘जसे आहे’ अटीवर घेतलेल्या घराची जुनी वीजबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाकारता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आहे. मग ताबा मिळेपर्यंतचं व्याज, वकील, हेलपाटे, आणखी 3. उरले 22. राखीव किंमत होती 26. म्हणजे बोली नाही. विषय संपला. झोपाळ्यासाठी 4 लाख जास्त द्यायचे नाहीत.

लोक इथे घाबरतात, की घर हातचं जाईल. पहिल्या लिलावात कुणी आलं नाही तर बँका बहुधा राखीव किंमत उतरवून पुन्हा लिलाव काढतात. दुसऱ्यांदा 15 दिवसांची नोटीस पुरते, तेव्हा जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पैशाचं वेळापत्रक. बोली लागली की बयाणा धरून 25 टक्के त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेलं जप्त. आणि जुन्या कौलारू घराला गृहकर्ज देताना बँका कुरकुरतात, ज्या बँकेने ते विकायला काढलंय तीसुद्धा! म्हणून कर्जाची मंजुरी आधी, बोली नंतर.

पतसंस्थेचं घर असेल तर कायदा वेगळा, सहकार कायद्याचं कलम 101 आणि नियम 107. सहकारी बँकांना मात्र सरफेसी लागू आहे, 2020 च्या निकालाने ते पक्कं झालं. समुद्राजवळ, भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध. ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती होते, पण आहे त्या जोत्याच्या आत. माडी चढवायची स्वप्नं बघू नका, आणि घर जुनं आहे हे दाखवायला ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, काढून ठेवा.

भाच्याचं काय झालं विचारताय? पहिल्या लिलावात कुणीच आलं नाही. दुसऱ्यात किंमत 21 वर आली, भाचा 22 ला थांबला. पुण्याच्या कुणीतरी 25 ला नेलं. ते परवा काकूंना विचारत होते म्हणे, गाडी कुठे लावायची.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी सातबारा बरोबर आणलाय त्यांनी आधी पुढे या, त्या मोकळ्या रांगांत बसा.