धंद्यातला वाद, चारशेवीसची केस आणि हायकोर्ट

नमस्कार. उधारीवर माल घेतला, पैसे थकले आणि एक दिवस पोलीस ठाण्यातून फोन आला: तुमच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झालाय. पूर्वीचं कलम ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). शिक्षा सात वर्षांपर्यंत. पहिला प्रश्न हाच असतो, "अहो, हा तर हिशेबाचा वाद, ही केस रद्द होणार नाही का?"

होऊ शकते. हायकोर्टाचा तो अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ मध्ये आहे. पण सगळं येऊन ठेपतं एका गोष्टीवर: व्यवहार ठरला त्या दिवशी मनात काय होतं? बुडवायचं आधीच ठरवून माल उचलला असेल, तर ती फसवणूक. द्यायचेच होते, पण नंतर धंदा बसला, तर तो करारभंग. त्याची जागा दिवाणी कोर्टात.

मनातलं कळणार कसं? तारखांवरून. समजा, हा व्यवहार बघा. पहिली तीन बिलं वेळेत चुकती. चौथ्या बिलाच्या मालाबद्दल तक्रारीचा ईमेल, त्यावर समोरच्याचं उत्तर. मग चौदा महिन्यांनी फिर्याद, आणि त्यात त्या तीन बिलांचा उल्लेखच नाही! बुडवायचंच असतं तर तीन बिलं कशाला भरली असती?

पण जपून. रद्द करण्याच्या अर्जात कोर्ट फिर्याद खरी धरून वाचतं, आणि तरीही गुन्हा बनतो का, एवढंच बघतं. सुप्रीम कोर्टाच्या भजनलाल निकालापासून ही कसोटी पक्की आहे. साक्षीपुरावा तिथे तपासला जात नाही. म्हणून फिर्यादीलाही नाकारता येणार नाहीत असेच कागद लावा: बँकेचे उतारे, त्याच्याच सहीची पत्रं.

दिवाणी दावा चालू आहे म्हणून फौजदारी केस आपोआप पडत नाही, हेही ऐकून ठेवा. खोटी बिलं दाखवली असतील, तर दोन्ही चालतात.

वसुलीसाठी पोलिसांचा धाक दाखवणं मला मनापासून चुकीचं वाटतं. सुप्रीम कोर्टानेही २००६ मध्ये इंडियन ऑइलच्या निकालात या प्रवृत्तीवर बोट ठेवलंय. तरी नुसती याचिका दाखल केली म्हणजे अटक टळली, असं समजू नका. अटकपूर्व जामिनाचं वकिलांशी त्याच दिवशी बोला.

आणि मधेच तडजोड झाली तर? अशा व्यापारी वादात हायकोर्ट तडजोडीवरही केस रद्द करू शकतं. मात्र "मिटलं आमचं" एवढ्यावर भागत नाही. फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र घ्या, आणि पैसे कधी, किती मिळाले ते त्यात लिहून घ्या.