मोजायचं की नमुन्यावरून ठरवायचं?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 435 जागा. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि या जागा राज्यांत नव्याने वाटल्या जातात. घटना सांगते, वाटप ‘प्रत्यक्ष मोजणी’वरून व्हावं. 1790 पासून मोजणी चालू आहे, आणि तेव्हापासूनच ती थोडी चुकतेही आहे.

चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली असती, तर भांडण पेटलं नसतं. 1990 च्या मोजणीनंतर काही निवडक घरं पुन्हा तपासून पडताळणी केली; तीत दिसलं, की सुमारे 1.6 टक्के लोक सुटले. कृष्णवर्णीयांत 4 टक्क्यांहून जास्त, राखीव प्रदेशांतल्या मूळनिवासींत 12 टक्क्यांच्या आसपास. दाटीवाटीने राहणारे भाडेकरू आणि लहान मुलं हमखास सुटतात. दोन घरं असलेला माणूस मात्र कधीकधी दोनदा मोजला जातो.

म्हणून 2000 साठी जनगणना ब्यूरोने वेगळा आराखडा मांडला. अर्ज न भरणाऱ्यांपैकी काही घरं नमुना म्हणून निवडायची, ती कसून मोजायची आणि उरलेल्यांचा हिशेब त्यावरून करायचा. शिवाय किती लोक सुटले ते कळून आकडे दुरुस्त करता यावेत, म्हणून 7,50,000 घरांची स्वतंत्र पाहणी. एरवी दार उघडलंच नाही, तर प्रगणक शेजाऱ्याला विचारून आकडा लिहितो. तीही ‘प्रत्यक्ष मोजणी’च!

आकड्यांत ढवळाढवळ होईल, म्हणून रिपब्लिकन पक्षाने विरोध केला. सुटणाऱ्या वस्त्या बहुतेक डेमोक्रॅटांना मत देणाऱ्या, हे दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक होतं. जानेवारी 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला: राज्यांच्या जागा ठरवायला नमुना चालणार नाही. आधार घेतला तो जनगणना कायद्याचा. घटनेच्या अर्थात न्यायालय शिरलं नाही.

पण नमुन्याची बाजूही वाटते तितकी भक्कम नव्हती. निकाल फक्त राज्यांच्या जागांपुरता होता; राज्यांतले मतदारसंघ आखायला दुरुस्त आकडे वापरावेत का, हा प्रश्न उरला होता. मार्च 2001 मध्ये खुद्द ब्यूरोनेच सल्ला दिला, की 2000 च्या मोजणीनंतरच्या पडताळणीच्या आधारे आकडे दुरुस्त करू नका. पुढे उघड झालं, की दोनदा मोजलेले लाखो लोक त्या पडताळणीला सापडलेच नव्हते.

त्याच 2000 च्या मोजणीत युटा राज्याला मिळू शकणारी एक जागा 900 हून कमी माणसांच्या फरकाने नॉर्थ कॅरोलायनाकडे गेली. माहिती न मिळालेली काही घरं ब्यूरोने जवळच्या तशाच घरांवरून भरली होती. हाही नमुनाच, अशी युटाची तक्रार. 2002 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली.

2020 च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोकसंख्या सुमारे 5 टक्क्यांनी कमी मोजली गेली. हे कळलं, ते नमुना पाहणीतूनच. जागांचं वाटप मूळ आकड्यांवरून आधीच झालं होतं.