पैसे आईबाबांचे, प्रश्न कुणाचा?

(कोथरूड. शनिवार संध्याकाळ. जिन्यात चपला-बुटांची रांग.)

खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्यांचं ऑफिस. दारावरची पाटी लहानशीच: लाइफ कोच, किशोर आणि तरुणांसाठी. पुण्यात न मागता सल्ला देणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. सल्ला न देण्याची फी घेणारी माणसं मात्र तशी नवी.

आत तिघं बसलेत. आई, बाबा आणि अकरावीतला मुलगा. मुलगा ‘इंटिग्रेटेड’ला आहे. म्हणजे नाव एका कॉलेजच्या पटावर आणि सकाळी सातपासूनचा दिवस जेईईच्या क्लासमध्ये. आपलं कॉलेज त्याने प्रवेशाच्या दिवशी पाहिलं, आता थेट प्रॅक्टिकलला पाहील.

बाबांचा पहिला प्रश्न: “मॅडम, साधारण किती सेशन्समध्ये फरक पडेल?”

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की आपण असंच विचारतो, कधी मिळेल म्हणून. फक्त गाडी ते ऐकत नसते. हा ऐकतोय.

मॅडम उत्तर देत नाहीत. तिघांना एकेक कोरी चिठ्ठी देतात. “इथे येऊन काय झालेलं हवंय ते लिहा. एकमेकांचं बघायचं नाही.” बाबा लगेच लिहून मोकळे होतात. आई दोनदा खोडते. मुलगा पेनाचं टोपण चावत बसतो आणि शेवटी एकच ओळ लिहितो.

(तीन चिठ्ठ्या, टेबलावर शेजारी शेजारी.)

बाबांची चिठ्ठी: मोबाइल कमी, मार्क जास्त. आईची: त्याने आमच्याशी बोलावं. मुलाची: घरी गेल्यावर इथे काय झालं ते कोणी विचारू नये.

गिऱ्हाईक नक्की कोण? फी भरतात ते बाबा. अपॉइंटमेंट घेते ती आई. काम करायचंय ते मुलावर. निदान दारातून आत येताना सगळ्यांची समजूत अशीच असते. या क्षेत्रातली चांगली माणसं आणि नुसती चकचकीत माणसं यांच्यातला फरक आम्हाला इथेच दिसला. चकचकीत माणूस बाबांची चिठ्ठी उचलतो.

या मॅडम मुलाची उचलतात. मग तिघांच्या देखत ठरतं: इथलं बोलणं इथेच राहील. अपवाद सुरुवातीलाच सांगितले जातात. जिवाला धोका दिसला तर आईबाबांना कळवणार. अत्याचाराची गोष्ट निघाली तर गप्प राहायची मुभाच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. बाकी काय सांगायचं, ते मुलगा ठरवेल.

बाबा मान डोलावतात. पटलेलं नाही, ते दिसतं.

(कोचिंगची जुनी छायाचित्रं: टेनिस कोर्ट, ऑफिसातली बैठक.)

कोचिंग हा प्रकार आला खेळाच्या मैदानावरून. १९७० च्या दशकात अमेरिकेत टिमथी गॅल्वे या टेनिस प्रशिक्षकाच्या लक्षात आलं, की खेळाडूला सूचना कमी दिल्या आणि चेंडूकडे नीट बघायला लावलं, तर तो लवकर शिकतो. पुढे इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर यांनी तीच दृष्टी कंपन्यांमध्ये नेली. ध्येय काय, आज कुठे आहोत, वाटा कोणत्या, त्यातली कोणती धरणार, असा प्रश्नांचा क्रम. १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन स्थापन झालं.

पुण्याला मुलांची मनं तपासण्याचं काम नवीन नाही. सदाशिव पेठेत आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथल्या मानसशास्त्र विभागाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या सिद्धांतावर आधारलेल्या बुद्धिमापन चाचण्या मराठी मुलांसाठी तयार केल्या. २०१६ पासून काही वर्षं राज्य सरकारनेही दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. पण चाचणीनंतर काय? अहवाल यायचा, फायलीत जायचा, आणि मुलगा सायन्सला जायचा. त्या कागदावर मुलाशी तासभर बोलणारं कोणी नसेल, तर तो कागदच राहतो.

याच शहरात बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगणारेही आहेत. डीएमआयटी म्हणतात त्याला. रंगीत, जाडजूड अहवाल मिळतो. या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने जाहीर केलेलं आहे. तरी ती चालते, कारण ती बाबांच्या चिठ्ठीला उत्तर देते. पटकन, रंगीत पानांसकट.

(पुन्हा कोथरूड. आता खोलीत मुलगा आणि मॅडम. आईबाबा बाहेर.)

दार लागतं. मॅडम एक गोल काढतात, चोवीस भागांचा. “कालचा दिवस भर. खरा.”

क्लास, प्रवास, जेवण, सेल्फ स्टडी. रात्री अकरा ते एक मोबाइल. झोप एक ते साडेपाच. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. याला मिळतेय साडेचार तास. बाबांना दिसतो तो मोबाइल. तो खोटा नाही, पण चोवीस भागांत मुलाचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच तुकडा आहे.

“अभ्यास जमेल असं किती वाटतं? दहापैकी.”

“चार.”

आपण कोणीही असतो तर विचारलं असतं, चारच का? मॅडम विचारतात, “दोन का नाही?”

मुलगा पहिल्यांदा वर बघतो. थोडा वेळ जातो. मग म्हणतो, “केमिस्ट्री जमते मला. ऑरगॅनिक आवडतं.” आणि पुढची दहा मिनिटं तो बेंझिनवर बोलतो.

ही युक्ती मॅडमची नाही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाच्या पद्धतीतला हा प्रश्न आहे, आणि ती पद्धत मूळची व्यसनमुक्तीच्या कामातली. ‘चारच का’ विचारलं की माणूस आपल्या अडचणींची वकिली करतो. ‘दोन का नाही’ विचारलं की बळाची. घरी करून बघायला हरकत नाही, फक्त उत्तर आल्यावर “मग फिजिक्सचं काय?” असं विचारायचं नाही. ते जास्त अवघड आहे.

आईबाबांनाही गृहपाठ मिळतो. आठवडाभर, मुलगा घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं अभ्यासाबद्दल अवाक्षर नाही.

“मग बोलायचं काय?” आई विचारतात. चेष्टेने नाही, खरंच.

पुढच्या शनिवारी त्याच सांगतात. पहिले दोन दिवस घरात नुसता मिक्सरचा आवाज. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ऑफिसातल्या साहेबाचं गाऱ्हाणं सांगितलं. मुलगा पोहे खाता खाता म्हणाला, “आई, तू त्याला मेलवरच लिहून टाक ना.” बस, एवढंच. फिजिक्स अजून तिथेच आहे.

(दारावरची पाटी.)

आता पाटीबद्दल. ‘लाइफ कोच’ अशी पाटी लावायला आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, ती तपासता येते. कोचची अशी सरकारी नोंद नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला साठ तासांचं प्रशिक्षण आणि शंभर तासांचा अनुभव लागतो, पण ती खाजगी संस्था आहे आणि ते प्रमाणपत्र सक्तीचं नाही. तेव्हा पालकांनी सरळ विचारावं: शिकलात कुठे? तुमच्या कामावर देखरेख कोणाची? आणि कोणती केस तुम्ही घेत नाही? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर चप्पल घालून निघावं.

कारण कोचिंग हा उपचार नाही. झोप-जेवण उडालंय, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्यात, हातावर वार दिसतात, ‘मी नसतो तर बरं’ असं बोलणं कानावर येतंय, तर ध्येयाबिध्येयाच्या गोष्टी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, त्याच दिवशी. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. या मॅडम अशी मुलं पुढे पाठवतात.

(सदाशिव पेठ. अभ्यासिका, मेसचे डबे, भिंतीवर ‘कॉट बेसिसवर जागा’.)

नदीच्या अलीकडे गोष्ट वेगळी. इथली ‘मुलं’ पंचविशीच्या पुढची आहेत आणि आईबाबा आहेत बीडला, लातूरला, सोलापूरच्या गावात. एमपीएससीसाठी खुल्या गटाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे थांब असं सरकार लवकर सांगत नाही, ते स्वतःच ठरवायचं. त्यात परीक्षेचं रूप बदललं. वर्णनात्मक पद्धत, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची, इतक्या लवकर नको म्हणून २०२३ च्या सुरुवातीला हीच मुलं अलका टॉकीजच्या चौकात बसली होती. ती २०२५ पासून लागू झाली. नोट्सचे गठ्ठे पुन्हा नव्याने.

आम्हाला भेटलेली मुलगी सत्तावीस वर्षांची. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेली. दर महिन्याला वडील पैसे पाठवतात आणि दर महिन्याला ती फोनवर सांगते, “चाललाय अभ्यास.” कोचकडे ती स्वतःहून आली, मैत्रिणीबरोबर अर्धी फी वाटून घेऊन. एका तासाला दोघी, अर्धा-अर्धा.

तिला कोणी ‘सोडून दे’ म्हटलं नाही, की ‘लढ’ही म्हटलं नाही. विचारलं ते असं: थांबायची तारीख तू ठरवलीस तर कोणती असेल? ती म्हणाली, ठरवली तर वडिलांना फसवल्यासारखं होईल. फार जमीन नाही त्यांच्याकडे, आहे ती दोन एकर, त्यातून हे पैसे येतात. बरेच आठवडे ती याच वाक्याशी अडून होती. मग तिने तारीख ठरवली. आणखी एक अटेम्प्ट, आणि तोवर सकाळी एका अभ्यासिकेत हजेरीचं काम, खोलीभाडं सुटेल इतकं.

हे वडिलांना सांगताना तिने फोन स्पीकरवर ठेवला, कोचसमोर. पलीकडून आधी काहीच नाही. मग वडील म्हणाले, “आगं, मला वाटलं तुलाच थांबायचं न्हाई. म्हणून मी बी इचारलं न्हाई.”

आणि लगेच, थोड्या वेगळ्या सुरात, “मॅडम, मग आता स्थळं बघायला सुरू करू का?”

मॅडम म्हणाल्या, “काका, हे मला कशाला विचारताय?”

मुलगी हसली. वडीलही. पुढचं सेशन आता वडिलांचं ठरलंय, फोनवरच. कोणताही वार चालेल, गुरुवार सोडून. गुरुवारी बाजार असतो.