उत्सवमूर्तीच्या मागे चालताना

श्रोतेहो, तंजावरला मी पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि तिथल्या मोठ्या देवळाचा, म्हणजे बृहदीश्वराचा, गाभारा बंद होता. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत तंजावरसाठी दोन तास राखून ठेवले होते. ते दोन्ही तास तापलेल्या फरसबंदीवर पाय पोळवून घेत आम्ही बंद दाराबाहेर घालवले, आणि चारला दार उघडले असेल तेव्हा आमची बस कुंभकोणमच्या वाटेला लागली होती. त्या दिवशी मी देवळावर चिडलो होतो. चूक अर्थात ज्याने कार्यक्रम आखला त्याची होती, कारण तमिळ देशातले मोठे देऊळ हे एक चालते घर आहे आणि घरातला कर्ता दुपारी जेवून आडवा होतो, ही गोष्ट त्याने लक्षात घेतली नव्हती. आपल्याकडे काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस जसा आखलेला असतो तसाच तिथेही असतो, आणि मोठ्या शिवालयांत दिवसाकाठी सहा वेळा पूजा होते. तेव्हा पहिली सूचना एवढीच की दुपारी बारा ते चार झोप काढावी किंवा वस्तुसंग्रहालय पाहावे.

मी पुढच्या खेपेला संग्रहालयच पाहिले, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय मला तिथेच सापडला. तंजावरच्या राजवाड्यात चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन आहे. तिरुवेण्काडूहून आलेला वृषभवाहन शिव तिथे आहे. १०११ च्या सुमाराची ही मूर्ती. शिवाचा एक हात नंदीच्या पाठीवर टेकल्यासारखा अधांतरी राहिला आहे आणि नंदी मात्र केव्हाच हरवला आहे. सगळे त्याच्या केसांचा बुचडा आणि त्या टेकलेल्या हाताचा डौल पाहत होते. मी थकून खाली बसलो होतो म्हणून माझी नजर आजूबाजूच्या मूर्तींच्या बैठकींवर गेली. जवळजवळ प्रत्येक पीठाला आरपार भोके होती किंवा बाजूंना भक्कम कड्या होत्या. त्यांतून दांडे किंवा दोर ओवायचे, मूर्ती पक्की आवळायची आणि ती खांद्यावर घ्यायची. त्या दालनातले सगळे देव चालणारे होते आणि आता काचेआड उभे राहिले होते.

तमिळ देवळात देवाची दोन रूपे असतात. गाभाऱ्यात दगडाचा, जागचा न हलणारा तो मूलवर, आणि धातूचा, उत्सवात बाहेर पडणारा तो उत्सवर. आपण पाहुणे मूलवराचे दर्शन घेऊन, गोपुराचा फोटो काढून परततो. गावाचा जीव मात्र पुष्कळदा उत्सवरात गुंतलेला असतो. पंढरीच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आपल्या मनाला देव विटेवर उभा आणि भक्त चालणारा, हेच चित्र स्वाभाविक वाटते. (पंढरपुरातही एकादशीला रथ निघतो आणि जेजुरीचा खंडोबा सोमवतीला कऱ्हेवर अंघोळीला जातो, हे मी विसरलेलो नाही.) कावेरीच्या खोऱ्यात मात्र चालण्याचे काम मुख्यतः देवाकडे आहे. ज्याला तिथली परंपरा समजून घ्यायची आहे त्याने देवळाच्या आत जितका वेळ घालवला तितकाच बाहेरच्या चार रस्त्यांवर, उत्सवमूर्तीच्या मागे घालवावा, असे माझे सांगणे आहे.

या चालण्यामागे केवढा संसार असतो ते चोळ राजा राजराज याच्या शिलालेखांत वाचायला मिळते. तंजावरचे देऊळ त्याने १०१० मध्ये पूर्णत्वाला नेले आणि आपण दिलेले, आपल्या अक्काने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सारे दगडावर कोरून ठेवण्याची आज्ञा केली. ही अक्का म्हणजे कुंदवै. दान दिलेल्या धातूच्या मूर्तींची नोंद एखाद्या चोख कारकुनाने करावी तशी आहे: पायापासून केसांपर्यंत उंची किती बोटे, हात किती, कमळपीठ कसले. दुसऱ्या एका लेखात चारशे नर्तकींची नावे आहेत. कोणती बाई कोणत्या गावच्या देवळातून आणली आणि तिचे घर कोणत्या रस्त्याला कितवे, हे त्यात लिहिले आहे, आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (कलम हे धान्याचे माप) भात नेमून दिला आहे. पुढे त्याच यादीत मृदंगिये, दिवे लावणारे, छत्री धरणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी येतात. छत्री धरणाऱ्याला पगारी जागा आहे, म्हणजे देव उन्हात बाहेर पडत होता.

आणखी एक लेख तिथे आहे, आणि तो आपल्याला कोणाच्या मदतीशिवाय वाचता येतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत, याच देवळाच्या प्राकाराच्या, म्हणजे भोवतालच्या आवाराच्या, भिंतीवर कोरवून घेतला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे चांगली उठून दिसतात. मी वाचत उभा असताना शेजारी एक तमिळ कुटुंब येऊन थांबले आणि त्यातल्या आजोबांनी हे काय लिहिले आहे असे खुणेने विचारले. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी ‘आमच्या राजांचे’ म्हणालो, तर ते हसून ‘आमच्याही’ म्हणाले. त्यांचे खरे होते. तंजावरच्या राजघराण्याकडे आजही अठ्ठ्याऐंशी देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आहे.

आता श्रीरंगमच्या विष्णुमंदिराकडे वळू. एकात एक सात प्राकार, एकवीस गोपुरे, सुमारे १५६ एकरांचा विस्तार. बाहेरच्या प्राकारांत घरे, दुकाने, खाणावळी, सायकली. दक्षिणेचे राजगोपुर शतकानुशतके अर्धवट राहिले होते, ते १९८७ मध्ये पुरे झाले, त्यामुळे आपण ज्याला प्राचीन समजून मान वर करतो त्याचा बराचसा भाग माझ्यापेक्षाही तरुण आहे. तमिळमध्ये एक म्हण सांगतात: श्रीरंगमची ‘नडै’ सुंदर, कांचीची ‘कुडै’ सुंदर, तिरुमलैची ‘वडै’ सुंदर. कुडै म्हणजे छत्री, वडै म्हणजे आपला वडाच, आणि नडै म्हणजे चाल. देवाची चाल! पालखी वाहणाऱ्यांना तिथे ‘श्रीपादम्‌ ताङ्गिगळ’, म्हणजे पाय धारण करणारे, असे नाव आहे. कधी सिंहाची चाल, कधी सापाची, अशा ठरलेल्या चाली ते पावलांनी काढून दाखवतात आणि त्या सरावाने, पिढीजात शिकलेल्या असतात. मी ज्यांच्या मागून चाललो त्यांपैकी एकाच्या उघड्या खांद्यावर, बैलाच्या मानेवर जुवाचा घट्टा पडतो तसा, मुठीएवढा घट्टा होता.

श्रीरंगमच्या उत्सवमूर्तीचे नाव नंपेरुमाळ, अर्थात ‘आपला देव’. १३२३ मध्ये दिल्लीची फौज चालून आली तेव्हा वृद्ध आचार्य पिळ्ळै लोकाचार्य मूर्ती घेऊन दक्षिणेकडे निघाले आणि वाटेतच वारले. मूर्ती रानावनांतून, डोंगरांतून, अखेरीस तिरुपतीच्या आश्रयाने फिरत राहिली. १३७१ मध्ये विजयनगरचा अधिकारी गोपण्ण याने तिला परत आणले. सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांचा हा वनवास. दरम्यान देवळात दुसरी मूर्ती पुजली जाऊ लागली होती आणि अस्सल कोणती हे सांगणारा कोणी उरला नव्हता. परंपरा सांगते की देवाची वस्त्रे धुणारा एक आंधळा म्हातारा परीट तेवढा शिल्लक होता. दोन्ही मूर्तींना अभिषेक करून त्यांची ओली वस्त्रे त्याच्यासमोर धरली. त्याने एका वस्त्राचे पाणी पिळून तोंडात घेतले आणि तो म्हणाला, ‘नंपेरुमाळ!’ तेच नाव कायम झाले. कथा आहे, पुरावा नव्हे, हे मान्य. तरी पंडितांना न पटलेली ओळख परटाकडून पटवून घेणारी कथा देवळाने स्वतःच जपून ठेवली, याचे मला अप्रूप वाटते. त्याच देवळात तुलुक्क नाच्चियार नावाच्या मुसलमान राजकन्येचे स्थान आहे. मूर्तीच्या प्रेमात पडून ती मागोमाग आली, अशी आख्यायिका. तिथे मूर्ती नाही, भिंतीवर चित्र आहे, आणि भाताच्या या देशात तिथला नैवेद्य गव्हाच्या रोटीचा असतो.

चिदंबरमचा नटराज या सगळ्या व्यवस्थेला अपवाद आहे. तिथे गाभाऱ्यातला देव स्वतःच वर्षातून दोनदा रथात बसून बाहेर येतो. वेगळा उत्सवर पाठवत नाही. नाचणाऱ्या देवाला प्रतिनिधी कशाला, असे तिथल्या एका दीक्षितांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, मला सांगितले. हा विनोद होता की सिद्धान्त, हे मला अजून उलगडलेले नाही.

तिरुवारूरला मात्र मला थोडे थांबू द्या. तिथला त्यागराज हा शिव, उमा आणि मध्ये बाळ स्कंद असा सोमास्कंद आहे; पण आपल्याला दिसतो तो केवळ मुखवट्याएवढा भाग. बाकीचे अंग वस्त्रांनी आणि फुलांनी झाकलेले असते आणि पाऊल वर्षातून दोनदाच दर्शनाला उघडतात. असा हा लपून राहणारा देव ज्या रथात बसतो तो ‘आळित्तेर’ मात्र सजवल्यावर सुमारे शहाण्णव फूट उंच होतो आणि त्याचे वजन तीनशे टनांच्या घरात जाते. बरीच वर्षे थांबलेला हा रथ १९७० मध्ये पुन्हा ओढला गेला, तेव्हा मुख्यमंत्री होते त्याच भागातले, स्वतःला नास्तिक म्हणवणारे करुणानिधी. आता त्याला लोखंडी चाके आणि ब्रेक आहेत. तरीही चाकांपाशी लाकडी ठोकळे घेतलेली माणसे असतात. हा ठोकळा म्हणजे ‘मुट्टुक्कट्टै’. रथ वळवायचा तर एका चाकाखाली तो तिरपा सारायचा, थांबवायचा तर सरळ. हजारो लोक दोर ओढतात, पण दिशा ठरते ती चाकाखाली हात घालणाऱ्या त्या पाचसात माणसांच्या अंदाजावर. तमिळमध्ये ‘मुट्टुक्कट्टै घालणे’ याचा बोलीतला अर्थ कामात अडथळा आणणे, अगदी आपल्या ‘पाचर मारणे’सारखा. म्हणीने त्या ठोकळ्यावर अन्यायच केला आहे, कारण तो नसता तर रथ कोणाच्या तरी ओसरीत घुसला असता.

याच त्यागराजावर तंजावरच्या शहाजीराजांची निस्सीम भक्ती होती. एकोजींचा हा मुलगा १६८४ मध्ये गादीवर आला. मातृभाषा मराठी, प्रजा तमिळ आणि दरबारी संगीताची भाषा तेलुगू, अशा त्या राजाने देवाच्या पालखीवर ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे तेलुगू गेय नाटक रचले आणि ते तिरुवारूरच्या देवळात सादर होत असे. घोड्यावर बसणाऱ्या घराण्यातल्या माणसाला पालखीचे नाटक लिहावेसे वाटले, ही किमया मी त्या मातीचीच मानतो.

इथे एक गोड समजूत तपासून घेतली पाहिजे. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांना दर्शन घडावे म्हणून देव बाहेर पडतो, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. यात सत्य आहे, पण ते अर्धे आहे. रथ देवळाभोवतीच्या चार ठरावीक रस्त्यांनी फिरतो, आणि त्या रस्त्यांवर कोण राहू शकत होते, दोराला हात कोणी लावायचा, कोणत्या वस्तीच्या तोंडाशी पालखी माघारी वळायची, यावर गावोगाव तंटे झाले आहेत आणि काही आजही धुमसत आहेत. देव चालत गेला तरी सगळ्यांच्या दारापर्यंत गेला नाही. म्हणून त्रावणकोरची १९३६ ची मंदिरप्रवेशाची घोषणा आणि ८ जुलै १९३९ रोजी वैद्यनाथ अय्यरांनी मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात घडवून आणलेला दलितांचा प्रवेश यांना मी कोणत्याही रथोत्सवापेक्षा अधिक मोलाचे मानतो. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरसाठी केलेले उपोषण ज्यांच्या घरात आठवणीने सांगितले जाते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि आता काही देव मुळीच चालत नाहीत. लहान खेड्यांतल्या देवळांतून धातूच्या मूर्ती चोरीला जाऊ लागल्यापासून अनेक गावांनी त्या सरकारी सुरक्षा केंद्रात ठेवल्या आहेत. असे एक केंद्र तिरुवारूरलाच आहे. उत्सवापुरती मूर्ती बंदोबस्तात गावी जाते आणि परत कुलपात येते. श्रीपुरंदान गावचा चोरलेला नटराज २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतला. देव देशात परतला असे म्हणता येते, पण पालखीपर्यंतची वाट अजून बाकी राहते.

मदुरैला गेलात तर शेवटची गाडी पकडू नका. रात्री नऊच्या पुढे, दुकाने आवरत असताना, सुंदरेश्वराच्या, म्हणजे मीनाक्षीचा पती असलेल्या शिवाच्या, गाभाऱ्यातून एक लहानशी पालखी निघते. आत मूर्ती नसते; देवाच्या पादुका असतात. पुढे नागस्वराचे सूर आणि तविलचा ठेका, धूपाचा धूर, मोगऱ्याचा वास, आणि दगडी खांबांमधून घाईघाईने चालणारे उघडे पाय. पालखी मीनाक्षीच्या शेजघरापाशी पोहोचते, गाणे होते, आरती होते आणि दार लागते. वाहणारे दांडा खाली ठेवतात, उपरण्याने मान पुसतात, आणि त्यांतला एखादा दिवे मालवणाऱ्याशी उद्याच्या पाळीबद्दल बोलत उभा राहतो, कारण पहाटे पाचच्या सुमारास देवाला परत पोहोचवायचे असते.