पुस्तक मिटल्यावर काय उरलं?

(पुण्यातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, जिना चढताना भिंतीवर लावलेली तुमची वेळापत्रकं वाचत आलो. पहाटे ५ ते ७ चालू घडामोडी, ७ ते ९ राज्यघटना, मग भूगोल, मग बुद्धिमत्ता. जवळजवळ प्रत्येकाच्या खाली लाल पेनने बेरीज: १२ तास, १३ तास. घरापासून लांब राहून, मेसचा डबा खाऊन, घरून येणाऱ्या पैशांचं ओझं मनावर घेऊन तुम्ही हे तास काढता. म्हणूनच आज स्पष्ट बोलायचं आहे. तास लिहिले की आपण किती वेळ बसलो ते कळतं, अभ्यास किती झाला ते कळत नाही. ते कळायला पुस्तक मिटल्यावर डोक्यात काय उरलं, याची नोंद ठेवावी लागते.

ही नोंद किती काटेकोर असू शकते ते हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने दाखवलं. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्याने स्वतःवरच प्रयोग केले. दोन व्यंजनं आणि मध्ये एक स्वर, असे सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट त्याने तयार केले. निरर्थक अशासाठी, की आधीच्या ओळखीची मदत मिळू नये. मिनिटाला १५० ठोक्यांच्या तालावर तो याद्या पाठ करायचा, सोडून द्यायचा, काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायचा आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते लिहून ठेवायचा. १८८५ साली त्याने हे आकडे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. २० मिनिटांनी पुन्हा बसलं तर ५८ टक्के वेळ वाचतो, तासाने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के.

हे आकडे नीट पाहा. मोठी पडझड पहिल्या चोवीस तासांतच होते, पुढची फार सावकाश. तुमचा अभ्यासक्रम निरर्थक नाही, त्यामुळे तुम्ही इतक्या वेगाने विसरणार नाही, पण उतार साधारण तसाच असतो. आणि आपल्याकडे रिव्हिजन कधी? तर ‘सिलॅबस एकदा पूर्ण होऊ दे, मग.’ म्हणजे तीन-चार महिन्यांनी. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच व्हायला हवी. दहा मिनिटं पुरतात.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं, असंही आपण धरून चालतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटं: लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. शिवाय ज्यांनी पुन्हापुन्हा वाचलं होतं, त्यांनाच आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाटत होती. म्हणून ‘मला येतंय’ या वाटण्यावर विसंबू नका. पुस्तक बंद करून आठवेल ते वहीत लिहा; खरं किती उरलं ते ती वही सांगते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर तर हे फारच महत्त्वाचं झालं. चार पर्यायांतलं ओळखीचं उत्तर शोधणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर मुद्दा उभा करणं वेगळं.

मराठवाड्यातून आलेली एक विद्यार्थिनी अशी वही ठेवते. तिचं एक पान सांगतो. वर विषय: ७३वी घटनादुरुस्ती, म्हणजे पंचायतराजची. डाव्या बाजूला, काही न बघता निळ्या पेनने लिहिलेलं: ग्रामसभा, पाच वर्षांची मुदत, महिलांना किमान एकतृतीयांश जागा, राज्य निवडणूक आयोग. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने: राज्य वित्त आयोग, अकरावी अनुसूची, म्हणजे पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय. खाली पुढच्या उजळणीची तारीख. दुसऱ्या वेळी वित्त आयोग निळ्यात आला, अकरावी अनुसूची लालच राहिली. तिसऱ्या वेळीही लाल. मग तिने ते २९ विषय स्वतःच्या गावच्या ग्रामपंचायतीला लावून पाहिले: पिण्याचं पाणी, रस्ते, प्राथमिक शाळा, गावचा बाजार. त्यानंतर ते लालमध्ये गेले नाहीत. त्या पानावर तास कुठेच नाहीत. पण उद्या कुठे बसायचं ते पान सांगतं, आणि नोंदीकडून मला एवढंच हवं असतं.

आता सवयीबद्दल. ‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हे तुम्ही प्रत्येक शिबिरात ऐकलं असेल. याचा उगम बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ गळून पडलं आणि नियम उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक छोटी कृती करायला सांगितली, तीही ठरलेल्या खुणेला जोडून, जसं की नाश्त्यानंतर. ती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो असा, बारा आठवड्यांपुढचा अंदाज धरून, त्यांचा हिशेब होता. त्यातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष असा, की एखादा दिवस चुकल्याने सवय बनण्यात फारसा फरक पडत नाही.

हे मी इतक्या कळकळीने सांगतो, कारण ॲपवरची ९० दिवसांची साखळी तुटली म्हणून अभ्यासच सोडून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. घरी लग्न निघतं, ताप येतो, वडिलांना घेऊन दवाखान्यात जावं लागतं. त्या दिवशीचा रकाना कोरा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या रकान्यात लिहा.

आणि एका वेळी एकच सवय. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १३ सद्गुणांची यादी केली होती. छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान, त्यावर लाल शाईने सात दिवसांचे सात रकाने आणि गुणांच्या तेरा ओळी. चूक झाली की काळा ठिपका. पण एका आठवड्यात तो खरं लक्ष एकाच गुणाकडे द्यायचा, बाकीचे ठिपके नुसते नोंदवायचा. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली आणि पेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजाने पुसू लागला. व्यवस्थितपणा हा गुण त्याला अखेरपर्यंत नीट साधला नाही, तरी या खटपटीने आपण अधिक चांगला आणि सुखी माणूस झालो, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या तक्त्यात पहाटे उठणं, व्यायाम, संपादकीय, मोबाइल बंद, ध्यान हे सगळं एकाच सोमवारी सुरू होतं. गुरुवारपर्यंत त्यातलं काय टिकतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आपली नोंद ग्रुपवर टाकू नका, असंही माझं मत आहे. चारचौघांना दाखवायची म्हटली की हात आपोआप सोपा विषय निवडतो, लाल पेन कमी वापरतो.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो, तो आधीच घेतो: नोंद कधी थांबवायची? फ्रँकलिनने पुढे वर्षाला एकच फेरी केली, मग काही वर्षांतून एक, आणि शेवटी फेऱ्या बंद केल्या. पहाटे उठणं अंगवळणी पडलं असेल तर तो रकाना काढून टाका आणि तिथे दुसरं काही घ्या. निळ्या-लाल पानांचं मात्र तसं नाही. ती मुख्य परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत चालू ठेवा, आणि त्या आठवड्यात फक्त त्यातलं लाल वाचा.